पाटावर ठेवायचं पागोटं

मिशनचा आश्रम, कारंज्याच्या अलीकडे
ता. १२ जुलै १९२७

सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

मी येथे नीट पोचलो. हे पत्र पुंजाजी मास्तरांकडूनच वाचून घे, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस.

फाटकातून आत घेतल्याबरोबर अंगावरचे कपडे काढून जाळले आणि नवी धोतरं, सदरे दिले. पागोटं मात्र मी सोडेना. माझ्या लग्नातलं आहे म्हटलं. इथल्या डॉक्टरीणबाई गोऱ्या आहेत, पण मराठी आपल्यासारखं बोलतात. त्या म्हणाल्या, "उकळून घे आणि ठेव." मोठ्या पातेल्यात पागोटं उकळलं. लाल होतं ते आता कौलाच्या रंगाचं झालं आहे.

माझ्या पाठीवरच्या चट्ट्यांना इथे महारोगच म्हणतात. आडून बोलत नाहीत. दर आठवड्याला कडू कवठीच्या तेलाची सुई देतात, ती फार दुखते. मग काही महिन्यांनी कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन रस काचेवर घेतात. लागोपाठ सहा वेळा काच साफ निघाली तर सहीचा कागद देऊन घरी पाठवतात. मध्ये एकदा बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे घरी येण्याची वाट आहे. लांब आहे, पण आहे.

सोजर कशी आहे? ज्वारी उगवली का? उकंडदादांना माझा दंडवत सांग.

जानराव


रिठद, नागपंचमीच्या मागून, सन १९२७

सोजीच्या बापूले मनकर्णेचा नमस्कार.

तुमचं पत्र मास्तरनं शाळेच्या वसरीत वाचून दाखवलं. मास्तर म्हणतात, तुमी बोला, मी बोललं तसंच लिहितो. मंग आयका.

पागोटं उकळलं हे आयकून मले आधी हसू आलं, मंग रडू आलं. इतकी वर्सं मी ते हातानं धुतलं, कदी रंग जाऊ देला नाई.

लोकायले आमी सांगतलं का तुमी कारंज्याले कापसाच्या जिनात नोकरीले लागले. रामीमावशी रोज इचारते, "काय वं मनकर्णा, त्या जिनात पोळ्याची बी सुट्टी भेटत नाई काय?" मी म्हटलं, सायब लय खडूस आहे. सोजीले बी तेच सांगतलं. थे म्हणते, बापूले सांग मले कारंज्याहून लाल रिबीन आणा. तुमी आता रिबीन कुठून आणान, ते तुमीच पाहा.

तुमच्या दादायनं तुमची थाळी अन् गिलास गोठ्यातल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. पन मी थाळी दर शनवारी घासतो. घासली नाई तर काळी पडते.

मी पोहऱ्याच्या देवीले नवस बोलली आहे. तुमी बी कोनाले तरी बोलजा.

मनकर्णा

(बाई बोलल्या तसंच लिहिलं आहे. बाकी सर्व ठीक आहे. — पुंजाजी)


आश्रम
ता. ९ जानेवारी १९२९

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

तीन काचा साफ निघाल्या होत्या हे मागे कळवलंच होतं. चौथी बिघडली. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं. मग गोदामामागं जाऊन बसलो.

तिथे रतनसिंग आला. हा आंधळा बंजारा, मानोऱ्याकडचा. बोटं गेली आहेत, पण गळा शाबूत आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर असतो. काठीनं चाचपत आला आणि म्हणाला, "अरे जान्या, देवाजवळ घड्याल नाई. आपल्याजवळ बी नाई. मंग उशीर झाला हे ठरवते कोन?"

मी म्हटलं, "माझी पोरगी ठरवते. ती वाढते आहे."

त्यावर तो माझ्याशेजारी बसला. मग त्यानं बाईंच्या पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. तळ्याच्या काठी एक माणूस वर्षानुवर्षं पडून होता. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा व्हायचा, आणि याला उतरवायला कोणीच नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला, कारण तो शेवटी बरा झाला.

तुझ्या नवसाचं काय ते तू जाण. माझं म्हणशील तर मी रोज सकाळी एक मागणं मागतो. माझं अंग शुद्ध होऊ दे, एवढंच. कोणाजवळ मागतो ते भेटीत सांगेन.

सोजरसाठी रिबीन पाठवतो आहे. ती बाईंनी दिली. नवी आहे, इथे कोणी हात लावलेला नाही. तरी तुला वाटलं तर उकळून घे.

जानराव


रिठद, माघातली पुनव, सन १९२९

सोजीच्या बापूले नमस्कार.

रिबीन उकळली नाई. तशीच बांधली. दादायनं बी पाह्यली.

रामनवमीले आमी पोहऱ्याले जातो. भाऊसिंगची बैलाची दमणी ठरवली आहे. पोहऱ्याहून वापस येताना जरा वाट वाकडी केली तर तुमचा आश्रम लागते, असं मास्तर म्हणतात. दर्शनाच्या दुसऱ्या दिवशी येईन. सोजीले आनत नाई, थे आत्याजवळ राहीन. तुमी फाटकाजवळ राहजा. मी आत येणार नाई, तुमी भाईर येजा नका. फाटकातून पाहू. मले लय बोलाचं आहे, पन तितकं बोलता नाई आलं तरी चालते.

तुमाले गोड कानोले तळून आनतो.

मनकर्णा


आश्रम
ता. २२ एप्रिल १९२९

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

तू आली नाहीस. दमणी मोडली का? सोजर आजारी आहे का?

मी सकाळपासून फाटकाजवळच्या निंबाखाली बसलो होतो. जेवायलाही गेलो नाही. संध्याकाळची घंटा झाली तरी मी फाटक सोडेना, म्हणून रतनसिंग सगळ्यांना घेऊन तिथेच आला. आमची जी काही संध्याकाळची बैठक असते ती त्या दिवशी फाटकाजवळ झाली. दुसऱ्या दिवशीही बसलो, पाहिलं, पण नाही.

काय झालं ते लवकर कळव.

जानराव


रिठद, वैशाखातली चतुर्थी, सन १९२९

मी आली होती.

भाऊसिंगले सांगतलं का बैल तहानले, नाल्यावर थांब. नाल्यावरून फाटक दिसते. निंबाखाली माणसं बसली होती. मी तुमाले धुंडलं, पागोट्यावरून धुंडलं, पन पागोटं कोनाच्या डोक्यावर नव्हतं. मंग दिसलं, तुमच्या मांडीवर. तुमी उघड्या डोक्यानं बसले होते अन् डोये मिटून गाणं म्हणून राह्यले होते.

तुमाले मी उघड्या डोक्यानं कदी पाह्यलं नाई. तुमची माय गेली तवाच काय ते. मले वाटलं, कोन मेलं? मंग गाण्यात येशूचं नाव आयकू आलं.

तुमी खिस्ताव झाले. मले काहून नाई सांगतलं? मी इथं तुमची थाळी घासून राह्यली, देवीपुढं डोकं घासून राह्यली, अन् तुमी तिथं खुशाल गाणं म्हणता. तुमचं तोंड हसरं होतं. दोन सालात मी हसली नाई.

कानोले बैलायले टाकले.

भाऊसिंग येडा नाई. त्यानं फाटकावरची पाटी वाचली नाई, पन माणसायचे हात पाह्यले. आता गावाले ठाव झालं का तुमचं जिन कोनतं आहे. रामीमावशी आता काईच इचारत नाई. थे इचारत होती तवा बरं होतं.

मनकर्णा

(मी बाईंना म्हणालो, कानोल्यांचं लिहू नका. त्या म्हणाल्या, तेच लिहा. — पुंजाजी)


आश्रम
ता. २ जून १९२९

सौ. मनकर्णेस.

तुझं म्हणणं खरं आहे. मागच्या नाताळात माझा बाप्तिस्मा झाला. तुला फाटकाजवळ तोंडानं सांगायचं ठरवलं होतं, पत्रात मास्तरांच्या आवाजात नको वाटलं. ती चूक झाली.

इथे कोणी बळजबरी केली नाही. सुई सगळ्यांना सारखीच मिळते. मी झालो कारण मला इथे पहिल्यांदा कोणीतरी हात लावला. बाईंनी माझी जखम धुताना हातमोजे घातले नव्हते. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते. म्हणून आधी प्रार्थना करते." ज्या देवाजवळ माणूस भीतीसुद्धा सांगू शकतो तो मला जवळचा वाटला.

प्रार्थनेच्या वेळी पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं, अशी इथली रीत आहे. मेल्याचं सुतक नाही ते. तू जे गाणं ऐकलंस ते वाट पाहण्याचंच होतं. मी तुझीच वाट पाहत म्हणत होतो. तू नाल्यावर होतीस आणि मी डोळे मिटून होतो. आता ते राहून राहून मनात येतं.

देव दुसरा धरला म्हणून मी घर दुसरं धरलेलं नाही. मला रिठदलाच यायचं आहे.

जानराव


रिठद, माघ, सन १९३२

सोजीच्या बापूले नमस्कार.

मधात मी पत्रं धाडली नाई, तुमची मात्र सगळी आयकली. पाच काचा साफ निघाल्या हे बी आयकलं. देवीनं केलं का तुमच्यानं केलं, त्यावर मी भांडत नाई.

सोजी आता माह्या खांद्याच्या वर गेली. रिसोडचं एक स्थळ आलं होतं, परतलं. शिरपूरचं परतलं. कोनी तोंडावर काई म्हणत नाई. म्हणतात, पत्रिका जमली नाई. आता मेहकरकडून एक आलं आहे, पोरगा नांगरधरा आहे, माय मायाळू आहे. त्यायले इकडचं काई ठाव नाई. दादायनं सांगतलं, बाप दूर कामाले आहे. ते म्हणतात, असा कसा बाप, पोरीच्या सोयरिकीले येत नाई? होळीच्या मागून पक्कं कराले येऊन राह्यले.

तुमी येजा नका. हे मी सांगून राह्यली, दादा नाई. कागद भेटला तरी लगनाआधी येजा नका. कन्यादानाले तुमचे दादा-वैनी बसतीन. मी मांडवाच्या मेढीजवळ उभी राहीन.

मनकर्णा


आश्रम
ता. २१ मार्च १९३२

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

मी येत नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

पण एक कर. आपल्या इकडे घरचा माणूस लढाईवर किंवा दूरदेशी असला तर मांडवात त्याच्या जागी त्याचं पागोटं पाटावर ठेवतात. माझ्या आजोबांचं असंच ठेवलं होतं असं माय सांगायची. मी माझं पागोटं पाठवतो आहे. पुन्हा उकळून, खळ देऊन, घडी घालून पाठवतो. दादा-वैनीच कन्यादान करोत. पाट बाजूला एका कोपऱ्यात मांडला तरी चालेल. सोजरनं जाताना त्याला नमस्कार करावा, एवढीच माझी इच्छा.

आमच्या इथे किराणा आणणारा सेवालाल गाडीवान आपल्याकडच्या मालेगावच्या बाजारी जातो, तिथून तो रिठदला येऊन देईल. घरी पाहुणे असण्याचा संभव आहे, म्हणून त्याला बजावलं आहे की कुठून आलास ते सांगू नकोस, पागोटं दे आणि निघ. सविस्तर या पत्रात आहे, ते डाकेनं टाकतो.

सहावी काच येत्या आठवड्यात.

जानराव


आश्रम
ता. १० एप्रिल १९३२

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

साफ निघाली. सहावी साफ निघाली.

बाईंनी कागदावर सही करून तो माझ्या हातात दिला आणि मग माझा हात हातात घेतला. रतनसिंगनं एवढ्या जोरानं गायला सुरुवात केली की बायकांच्या बाजूनं निरोप आला, कोण भांडतं आहे? तो म्हणाला, "जान्या, पाणी हाललं. उतर आता."

पागोटं पोचल्याचं तू कळवलं नाहीस. धावपळीत असशील.

लग्न आटोपलं की येतो. दिवसा येणार नाही, दिवेलागणीला येईन. घरात राहण्याचा हट्ट नाही. शेतातल्या खोपीत राहीन, जागल करीन. थाळी गोठ्यातलीच चालेल. मास्तरांनी कागद चावडीवर वाचून दाखवावा म्हणजे लोकांची खात्री पटेल. प्रार्थना मी खोपीतच करीन, कोणाला त्रास होणार नाही.

पाच वर्षं मी त्याच्यावर भरवसा ठेवला. त्यानं मला लाजवलं नाही.

जानराव


रिठद, चैत्र वद्य, सन १९३२

सोजीच्या बापूले मनकर्णेचा नमस्कार.

मास्तरले मी सांगतलं, काई गाळू नका, सगळं लिहा.

तुमचा गाडीवान आला तवा ओट्यावर मेहकरचे पाहुणे बसले होते. घरात गर्दी पाहून तो भाईरच थांबला. रामीमावशी दाराशी होती. तिच्या हाती गाठोडं देऊन म्हणे, "जानरावचं पागोटं आहे, घरी द्या." पानी पे म्हटलं तर पेला नाई. मान खाली घालून वापस फिरला.

आपल्या इकडं माणूस भाईरगावी मेला म्हंजे त्याचं पागोटं घरी येते. आनणारा पानी पेत नाई, बोलत नाई. तुमाले हे ठाव नव्हतं काय? तुमी तिथं राहून इतकं बी इसरले?

मावशीनं तिथंच हंबरडा फोडला. मी चुलीजवळून आली तर पागोटं दादायच्या मांडीवर. रंग पाहून मी वळखलं. मले बी वाटलं तुमी गेले. मी खोटं रडली नाई, हे तुमी ध्यानात ठेवजा.

दादा म्हणे, तिकडं गाडलं असंन, गती भेटनार नाई. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानायचा पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, त्याच्यावर तुमचं पागोटं बांधलं, अन् त्याले अग्नी देला. पाच गावचे सोयरे होते. माह्या बांगड्या नदीवर फोडल्या.

तुमचं पागोट्याचं पत्र बाजाराच्या दिवशी आलं. तवर राख बी नदीत सोडली होती. मास्तरनं वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मंग मी घरी गेली अन् कोनाले सांगतलं नाई.

मेहकरचे लोक म्हणाले, बिनबापाची पोर, आमी सांभाळू. जिता बाप दिसत नव्हता म्हणून ते अडून बसले होते, मेला म्हणल्यावर सोयरीक पक्की झाली. मौत झाली तर लगन सालाच्या आत कराचं, नाईतर तीन सालं थांबा लागते. म्हणून आखाजीचं धरलं. सोजी तुमच्यासाठी दोन दिवस जेवली नाई. आता हळदीचं पाहून राह्यली.

अन् मंग तुमचं सहाव्या काचीचं पत्र आलं.

कागद चावडीवर वाचला तर सोजीचं लगन मोडते. लगन झाल्यावर वाचला तर थे लोक तिले वापस धाडतीन, म्हनतीन फसवलं. आज वाचा का दहा सालानं वाचा, तेच. मी चहूकून पाह्यलं. वाट नाई.

येऊ नका. तुमचा देव आयकत असंन तर त्याले सांगजा का मनकर्णेनं वाट पाह्यनं सोडलं नव्हतं. ते तिच्याजवळून काढून घेतलं.

पत्र बी धाडू नका. मेलेल्या माणसाचं पत्र घरात येत नाई. थाळी नदीवर नेली त्यायनं, ते बी सांगून ठेवतो, मंग तुमी इचारान.

मनकर्णा


आश्रम
ता. ११ मे १९३२

पुंजाजी मास्तर यांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावानं आहे. तिला लिहायला बसलो होतो, पण वर 'सौ.' लिहावं की काय ते मला कळेना. म्हणून तो कागद ठेवून दिला. जमल्यास यातलं थोडं तिला तोंडी सांगा. न जमल्यास राहू द्या.

मी येत नाही, एवढं तिला नक्की सांगा. पागोटं घरी आलं की काय होतं, ते मला ठाऊक होतं. ते मी विसरलो नव्हतो. मी फक्त लग्नाचा विचार करत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे पाट होता. त्यामुळे दुसरं काही सुचलं नाही.

मी रोज देवाजवळ अंग शुद्ध होण्याचं मागितलं. ते त्यानं दिलं. घरी जाण्याचं मी वेगळं असं कधी मागितलं नाही. मला वाटलं, ते त्यातच आलं. हे मी बाईंना म्हणालो. त्यांनी विचारलं, "अजून भरवसा आहे?" मी म्हटलं, "आहे. दुसरं कोणी उरलं नाही म्हणूनही असेल." त्या म्हणाल्या, अशा भरवशालाही तो परत पाठवत नाही. मला ते खात्रीनं माहीत नाही. पण सकाळ झाली की मी गुडघ्यांवर बसतो. आता काय मागावं ते सुचत नाही, नुसता बसतो.

कागद मिळालेल्या माणसाला इथे राहता येत नाही, असा नियम आहे. बाईंनी मला मलमपट्टीच्या खोलीत कामाला ठेवून घेतलं. म्हणजे मी आता फाटकाच्या बाहेर निजतो आणि रोज आत येतो.

रतनसिंगला सगळं सांगितलं. त्यानं बोटं नसलेल्या हातांनी माझं डोकं चाचपलं, तेव्हा पागोटं कायमचं गेल्याचं त्याला कळलं.

परवा आखाजी झाली. लग्नाची वेळ गोरजाची असणार असा मी अंदाज धरला. मुठीत तांदूळ घेतले होते. त्याच वेळी संध्याकाळची घंटा झाली, म्हणून मी तसाच जाऊन सगळ्यांबरोबर बसलो. गाणं सुरू झालं. मूठ उघडली नाही. मी खाली मान घालून उघड्या डोक्यानं शेवटपर्यंत बसून राहिलो.

इथे सगळेच पुरुष तसे बसतात. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

आपला,
जानराव